मतदान करा म्हणता, पण यादीची तारीख कोण सांगणार?

प्रति,
मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांचे निवडणूक अधिकारी,
मतदार जनजागृतीचं काम पाहणारे नोडल अधिकारी,
तसेच मराठी वृत्तवाहिन्यांचे आणि वृत्तपत्रांचे संपादक यांस

स. न. वि. वि.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीचं वेळापत्रक शेजारी ठेवून हे पत्र वाचावं, ही विनंती. निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, माघारीची ४ नोव्हेंबर, मतदान २० नोव्हेंबर. मतदार यादीत नाव घालण्याचं काम कायद्याने उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेला थांबतं. त्याआधी प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, मग अधिकाऱ्याचा निर्णय. म्हणून अर्ज १९ ऑक्टोबरपर्यंत येणं भाग होतं. म्हणजे बातमी आली आणि चार दिवसांत दार बंद. दसरा १२ तारखेला झालेला, घराघरात दिवाळीची आवराआवर चाललेली. आणि जनजागृतीचा जोर कधी असतो? मतदानाच्या आधीच्या पंधरवड्यात. रांगोळ्या, मेंदी, बाईक रॅली, नटनट्यांचे व्हिडिओ. त्या दिवसांत जिचं नाव यादीतच नाही, तिला त्या व्हिडिओचा काडीचा उपयोग नसतो.

आमचं म्हणणं एका वाक्यात असं आहे: मुंबईतल्या बायकांना मतदानाचं महत्त्व पटवण्यावर जाणारा वेळ, पैसा आणि पडद्यावरची जागा नोंदणीच्या तारखा, अर्जांचे नमुना क्रमांक आणि कागदपत्रं सांगण्यावर खर्च करा, आणि ज्या वाटेने माहिती त्यांच्यापर्यंत खरोखर जाते त्याच वाटेने पाठवा.

महत्त्व त्यांना पटलेलं आहे. लोकसभेच्या २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत देशभरात बायकांच्या मतदानाचा टक्का पुरुषांच्या किंचित पुढे होता. २०२४ ला बायका ६५.७८ आणि पुरुष ६५.५५. पण हा टक्का काढताना छेदात फक्त यादीतली नावं धरतात. जी लग्न होऊन डोंबिवलीहून भांडुपला आली आणि जिचं नाव डोंबिवलीच्याच यादीत राहिलं, ती भांडुपच्या हिशेबात नसतेच. डोंबिवलीच्या यादीत ती 'मतदान न केलेली' म्हणून उरते. आणि जिचं नाव कुठल्याच यादीत नाही ती बाई कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही, म्हणून तिच्यावर चर्चाही होत नाही.

मुंबईत हा घोळ नेमका कुठे होतो, ते सांगतो.

पहिली जागा लग्न. नवीन मतदारासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८, हे १ ऑगस्ट २०२२ पासून ठरलेलं आहे. पूर्वी मतदारसंघातल्या मतदारसंघात घर बदललं तर नमुना ८-अ असायचा. आता पत्ताबदल, नावातली दुरुस्ती, ओळखपत्राची नवी प्रत, अपंगत्वाची नोंद हे सगळं एकट्या नमुना ८ मध्ये आहे. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या सुनेनेही तोच भरायचा, जुन्या ओळखपत्राचा क्रमांक टाकून. प्रत्यक्षात शिबिराच्या टेबलावर 'नाव घालायचंय ना? मग सहा नंबर' असं म्हणून तिच्या हातात नमुना ६ दिला जातो. तो भरला की तिची नोंद दोन ठिकाणी होते. दोन ठिकाणी नोंद ठेवायला कायद्याची मनाई आहे, आणि नमुना ६ वर 'माझं नाव दुसरीकडे नाही' अशी सही करून दिलेली असते. खोट्या निवेदनाला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. एवढ्या टोकाला सहसा जात नाही. पण सारख्या नोंदी शोधण्याची मोहीम निघते तेव्हा दोनपैकी कोणती नोंद उडेल ते तिच्या हातात राहत नाही.

पत्त्याचा पुरावा हीदेखील लग्न झालेल्या बाईची अडचण मानली जाते, पण तिचं उत्तर नमुन्यातच छापलेलं आहे. वीजबिल, पाण्याचं किंवा गॅसचं बिल तिच्या नावाचं असायलाच हवं असं नाही. आई-वडील, नवरा किंवा सज्ञान मुलगा-मुलगी यांपैकी कोणी त्याच पत्त्यावर मतदार असेल, तर त्यांच्या नावाचं बिल चालतं. म्हणजे नवऱ्याचं नाव आधी त्या पत्त्यावर हवं. तो स्वतःच अजून गावच्या यादीत असेल तर दोघांचे अर्ज एकदम द्यावे लागतील, आणि मग भाडेकराराची नोंदणी झालेली आहे की नाही हा प्रश्न येतो. साध्या स्टॅम्पपेपरवर केलेला अकरा महिन्यांचा करार इथे चालत नाही. नोंदणी केलेला चालतो. ही दोन वाक्यं एकाही जनजागृतीच्या फलकावर ठळक छापलेली नसतात.

दुसरी जागा पुनर्विकास. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींपासून उपनगरांतल्या झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनांपर्यंत हजारो कुटुंबं संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात राहतात. केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, जुन्या पत्त्यावर जातो तेव्हा तिथे पत्र्याचं कुंपण असतं. तो 'स्थलांतरित' असा शेरा मारतो. मतदानाच्या दिवशी अशा मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते: गैरहजर, स्थलांतरित, मयत. त्या यादीत नाव निघालं की बाहेर टेबल टाकून बसलेले कार्यकर्ते 'तुमचं नाव कापलं' असं सांगून मोकळे होतात आणि बाई परत फिरते. वास्तविक मूळ मतदार यादीत नाव असेल तर तिला मत देता येतं. तिची ओळख जास्त काटेकोरपणे तपासली जाते, सहीबरोबर अंगठ्याचा ठसाही घेतात, फोटो काढतात. पण मत देता येतं. हे मुंबईला सांगायला कोणी बसत नाही, हीच आमची तक्रार.

तिसरी जागा नाव. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव तर बदलतंच, मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, काही घरांत पहिलंही बदलतं. आधारवर एक, बँकेच्या पासबुकावर दुसरं, मतदार ओळखपत्रावर तिसरं. त्यावर पुन्हा मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत होणारी अक्षरांची उलथापालथ. म्हणून ऑनलाइन नावाने शोधलं की बहुधा 'नोंद सापडली नाही' असं उत्तर येतं. शोधायचं ते ओळखपत्राच्या क्रमांकाने: तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. कार्ड हरवलं असेल तर घरातल्या दुसऱ्या मतदाराचा भाग क्रमांक काढून त्या भागाची यादीच उघडावी. एका घराची नावं सहसा लागोपाठ असतात. अपवाद नव्या सुनांचा, त्यांची नावं पुरवणी यादीत शेवटी जाऊन बसतात. यादीचं शेवटचं पान न बघता 'नाव नाही' म्हणून परतलेल्यांत त्यामुळेच सुना जास्त.

चौथी अडचण जुन्या यादीशी दुवा जोडण्याची, आणि बिहारसारखी तपासणी इथे झाली की ती वाढेल. बिहारमध्ये २०२५ साली झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे मतदार यादी घरोघरी नव्याने तपासण्याच्या मोहिमेत, मतदारांना २००३ च्या यादीशी दुवा जोडायचा होता. जिचं स्वतःचं नाव त्या यादीत नव्हतं, तिला आई-वडिलांची नोंद दाखवायची होती. नवऱ्याची चालत नव्हती. म्हणजे सासरी वीस वर्षं राहिलेल्या बाईला कागद माहेरहून आणायचा. मुंबईतल्या किती बायकांचं माहेर रत्नागिरी, सातारा, जळगाव, नाहीतर थेट आझमगढ किंवा कलबुर्गीला आहे, याचा विचार करा. आई-वडिलांचं नाव कोणत्या मतदारसंघाच्या जुन्या यादीत, कोणत्या भागात, कितव्या क्रमांकावर आहे, हे तिने दिवाळीला किंवा गणपतीला माहेरी गेल्यावर लिहून आणावं, एवढी सूचना आधीपासून फिरवता येते. फॉर्म हातात पडल्यावर पंधरा दिवसांत हे जमत नाही.

महापालिकेची तऱ्हा आणखी वेगळी. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करत नाही. एका ठरलेल्या दिवसाची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ऑगस्टमध्ये नाव घातलेली तरुणी जानेवारीत हातात नवं कोरं कार्ड घेऊन केंद्रावर आली, तरी तिला मत नव्हतं. प्रारूप यादीवर जी हरकतींची मुदत मिळते ती प्रभाग चुकला, नाव वगळलं गेलं, लेखनिकाची चूक झाली अशा बाबींसाठी असते. नवीन नाव तिथे घालता येत नाही. २२७ प्रभागांपैकी ११४ बायकांसाठी राखीव ठेवणारी महापालिका आहे ही. उमेदवार निम्म्या बायका आणि मतदार म्हणून त्यांना यादी गोठवण्याची तारीखच माहीत नाही, हे विचित्र आहे.

आता माध्यमांकडे वळू. आपल्या सगळ्या सोयी मोबाईलवर गेल्या आहेत: नोंदणीचं संकेतस्थळ, मतदार हेल्पलाइनचं ॲप, उमेदवारांची माहिती देणारं ॲप. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, शहरी भागातल्या सुमारे ६९ टक्के बायकांकडे स्वतः वापरत असलेला मोबाईल होता आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या सुमारे ५२ टक्के होत्या. त्यानंतर आकडे वाढले असतीलच. पण मोबाईल असणं आणि ओटीपी आपल्या हातात येणं यांत फरक आहे. अर्ज भरतो मुलगा किंवा पुतण्या, क्रमांक टाकतो स्वतःचा. पुढे अर्जात त्रुटी निघाली तर संदेश त्याला जातो, तो कामावर असतो, बघतो आणि विसरतो. अर्ज नामंजूर झाल्याचं बाईला मतदानाच्या दिवशी कळतं. म्हणून शिबिरात अर्ज घेणाऱ्याने तिचा स्वतःचा क्रमांक टाकावा, नसेल तर शेजारणीचा चालेल, आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक कागदावर लिहून तिच्या हातात द्यावा. कागदी अर्जाखाली पोचपावती असते. ती फाडून द्यायची असते, अर्जाला तशीच चिकटून गठ्ठ्यात पाठवायची नसते.

माहिती जाते कुठून? संध्याकाळी सात ते दहा टीव्हीवर मालिका चालू असतात आणि त्याच वेळात स्वयंपाक, जेवणं, डबे धुणं उरकतं. बातम्यांची वाहिनी त्या घरात लागली तर ती दुसऱ्या कोणाच्या हातातल्या रिमोटने लागते. चर्चेच्या कार्यक्रमात चार चौकटींतले चार जण एकाच वेळी बोलत असतात. कढईसमोर उभं राहून त्यातून काही वेचून घेता येत नाही. संपादकहो, तुमच्या समूहाची मालिकांची वाहिनी असेल, तर नमुना ८ ची मुदत त्या वाहिनीच्या खालच्या पट्टीत जाऊ द्या. वीस सेकंदांचा मजकूर पुरे. व्हॉट्सॲपवर बिल्डिंगचा गट, बचत गट, भिशीचा गट, शाळेच्या पालकांचा गट हे चार गट बहुतेकींकडे असतात, आणि तिथे आलेला मजकूर ओळखीच्या बाईकडून आलेला असल्याने त्यावर विश्वास बसतो. म्हणून खोटंही तिथेच चालतं. रील्स तरुण मुलींसाठी. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी व्हॉइस मेसेज. आणि लोकलचा लेडीज डबा: विरार किंवा कल्याणहून दीड तास उभ्याने येणारी बाई दाराशेजारचा कागद शब्दन् शब्द वाचते. तिथे मसाज पार्लरच्या आणि ज्योतिषांच्या जाहिराती आहेत, नमुना ८ कुठेही नाही.

उमेदवारांविषयीच्या माहितीचं काय होतं ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर गुन्हे दाखल असलेल्या उमेदवाराला ते तीनदा जाहीर करावे लागतात: माघारीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत, पाचव्या ते आठव्या दिवसात आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. पक्षालाही वेगळं जाहीर करावं लागतं, आणि २०२० पासून दुसरा स्वच्छ उमेदवार का मिळाला नाही याची कारणंसुद्धा द्यावी लागतात. वर्तमानपत्रात अक्षर किमान १२ आकाराचं, टीव्हीवर सकाळी आठ ते रात्री दहा या वेळात किमान सात सेकंद. सात सेकंदांत तीन कलमांची नावंही वाचून होत नाहीत. ह्या जाहिराती कायद्याची पूर्तता म्हणून आतल्या पानावर येतात, आणि पेपर सकाळी ज्याच्या हातात असतो तोही ते पान उलटतो. वर्तमानपत्रांनी आपापल्या मतदारसंघापुरती या घोषणांची एक सोपी चौकट रविवारच्या पुरवणीत छापली तर फार काम होईल: उमेदवार, गुन्ह्यांची संख्या, गुन्हा कशाचा, शिक्षा झाली आहे की खटला चालू आहे. बायकांवरच्या अत्याचाराचे गुन्हे त्यात वेगळे दाखवा. प्रतिज्ञापत्र सार्वजनिक असतं, ते मिळवायला कोणाची परवानगी लागत नाही.

त्याऐवजी निवडणुकीच्या काळात बायका पडद्यावर दिसतात त्या 'लाभार्थी' म्हणून. जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपयांची योजना आली आणि तेव्हापासून प्रत्येक वार्ताहर गल्लीत शिरून 'पैसे आले का?' एवढंच विचारतो. विचारायला हरकत नाही. पण नळाला पाणी किती वाजता येतं, सार्वजनिक शौचालयाचं दार रात्री उघडं असतं का, आशा सेविकेचं मानधन वेळेवर होतं का, महिला डब्यांची संख्या पुरते का, यावर त्याच बायकांची ठाम मतं असतात. तीही ऐकून घ्या. त्यासाठी माइक पुरुषाच्या हातातून बाईकडे न्यावा लागतो, कारण घरासमोर माइक आला की उत्तर आधी तोच देतो.

याच योजनेवरून फिरलेली अफवा आम्हाला सगळ्यांत घातक वाटते: 'कोणाला मत दिलं ते कळतं, नाही दिलं तर पैसे बंद.' हिला उत्तर देताना अर्धं सत्य सांगू नका, बायका मूर्ख नाहीत. केंद्रावरच्या नोंदवहीत कोण आलं त्याचा क्रम आणि सही असते, मत कोणाला गेलं ते नसतं. मतदान यंत्राशेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्रातली चिठ्ठी कापून पेटीत पडते, तिच्यावर मतदाराचं नाव किंवा क्रमांक नसतो. एका बाईचं मत कोणाला गेलं हे कोणालाच कळत नाही. मात्र मतमोजणीनंतर प्रत्येक मतदान केंद्राचा आकडा जाहीर होतो. केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात. त्यावरून अमुक चाळ किंवा अमुक दोन इमारती कुठे झुकल्या याचा अंदाज पक्षांना येतो, आणि 'आम्हाला सगळं कळतं' ही धमकी या अर्ध्या सत्यावर उभी राहते. दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगितल्या तर धमकीतली हवा जाते. नुसतं 'मत गुप्त असतं' म्हणून भागत नाही.

संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवाविषयीही थोडं. वाण म्हणून स्टीलचा डबा आणि त्यावर उमेदवाराचा फोटो, हे मुंबईला नवं नाही. आचारसंहिता लागू झाल्यावर हे लाच या सदरात जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे देणारा तर दोषी, घेणारीही दोषी. म्हणून तक्रार करायला बायका घाबरतात. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल सुविधेवर मोबाईलवरून नाव न देता तक्रार करता येते आणि १०० मिनिटांत दखल घेण्याची व्यवस्था आहे. पण त्यात एक मेख आहे, ती कोणी सांगत नाही. फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ त्या ॲपमधूनच, जागेवर उभं राहून काढावा लागतो. गॅलरीतला जुना फोटो चढवता येत नाही. मोबाईलचं लोकेशन चालू हवं. काढल्यानंतर पाच मिनिटांत पाठवलं नाही तर ते जातं. शिवाय व्हॉट्सॲपवर आलेल्या खोट्या व्हिडिओची तक्रार इथे होतच नाही. मतदानाआधीच्या ४८ तासांत टीव्हीवरचा प्रचार आणि घाऊक एसएमएस बंद होतात, आणि नेमक्या त्याच ४८ तासांत गटांवर उमेदवाराने माघार घेतल्याचे, यादीतून नावं कापल्याचे, बनावट आवाजातले संदेश धावू लागतात. जाहिराती तपासणाऱ्या जिल्हास्तरीय माध्यम समितीने एक व्हॉट्सॲप क्रमांक जाहीर करावा, आलेला संदेश तिथे पुढे पाठवता यावा, आणि खुलासा त्याच रूपात परत यावा: तीस सेकंदांचा मराठी व्हॉइस मेसेज, सोबत हिंदीत आणि उर्दूतही. पत्रकार परिषदेतला खुलासा भिशीच्या गटापर्यंत कधीच पोहोचत नाही.

मतदानाच्या दिवसाचं फार लांबवत नाही. फक्त महिला कर्मचारी असलेली, गुलाबी फुगे लावलेली सखी केंद्रं बंद करा असं आम्ही म्हणत नाही, पण प्रत्येक मतदारसंघात एखादं केंद्र सजवून बाकीच्यांवर पिण्याचं पाणी आणि कडी लागणारं शौचालय नसेल तर त्या फुग्यांचं करायचं काय? २० मे २०२४ ला उन्हात लागलेल्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. बायकांची वेगळी रांग, कडेवर मूल असलेलीला आणि म्हातारीला पुढे घेणं हे केंद्राध्यक्षांच्या सूचनांत आहेच. जिथे बुरख्यातल्या मतदार जास्त आहेत तिथे ओळख पटवायला महिला कर्मचारी आणि आडोसा हवा. तोही सूचनांत आहे, नेमणुकीच्या यादीत उतरला पाहिजे.

मोबाईल आत नेता येत नाही. पुरुष मित्राकडे देऊन आत जातो. दोन घरांची कामं आटोपून मधल्या तासाभरात एकटी आलेली बाई तो कोणाकडे देणार? २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने केंद्राबाहेर मोबाईल ठेवण्याची सोय करायला सांगितलं आहे. ती सोय कुठल्या केंद्रावर आहे ते मतदार चिठ्ठीबरोबरच कळवा.

चिठ्ठीवरून आणखी एक. ती ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, २०१९ पासून. रेशन कार्डही चालत नाही, आणि बायका विश्वासाने तेच घेऊन येतात, कारण घरातला सगळ्यांत जुना कागद तोच. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं पेन्शनचं कागदपत्र, अपंगांचं यूडीआयडी कार्ड यांपैकी एक आणायचं. ओळखपत्र माहेरच्या मतदारसंघाचं असलं तरी चालतं, नाव मात्र इथल्या यादीत हवं. ओळखपत्रावरच्या किरकोळ शुद्धलेखनाच्या चुकीवरून परत पाठवायचं नाही. तिच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर तिने घरी जायचं नाही. ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागायचं, ते मतपत्रिकेवर घेतात. आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकीला मत देता येतं. केंद्राध्यक्ष रांगेच्या शेपटाकडून पुढे क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटत येतो. ती चिठ्ठी घेतल्याशिवाय रांग सोडू नये.

घरकाम करणाऱ्या बायकांच्या सुट्टीचा प्रश्न मात्र तुमच्या दोघांच्याही हातात पुरता नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५-ब आस्थापनांना भरपगारी सुट्टी द्यायला लावतं, मोडल्यास दंड फार तर ५०० रुपये. स्वयंपाकघर हे आस्थापना मानलं जात नाही. तेव्हा गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना जिल्हा कार्यालयाने पत्र धाडावं: मतदानाच्या दिवशी कामाला येणाऱ्या बाईला सकाळी अकरापर्यंत बोलावू नका, पैसे कापू नका. त्याच पत्रात मतदार चिठ्ठ्यांचा गठ्ठा वॉचमनच्या खणात न ठेवता मजल्यावर वाटायलाही सांगा.

आमच्या मागण्या तीनच. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण असतील तर नाव घालता येतं) रेशन दुकान, अंगणवाडी, महापालिकेचा दवाखाना आणि लेडीज डबा इथे कायमच्या लावा, निवडणूक असो नसो. सतरा पूर्ण झालेली मुलगी आगाऊ अर्ज देऊ शकते हे त्याखाली लिहा. दुसरी, नोंदणीची शिबिरं गणेशोत्सवात आणि नवरात्रात मंडळांच्या मांडवाशेजारी घ्या, दुपारी दोन ते पाच या वेळात, दोन टेबलं मांडून: एक नमुना ६ चं, एक नमुना ८ चं, आणि टेबलावर नमुना ८ भरता येणारी माणसं बसवा. तिसरी, मुंबईतल्या ३६ विधानसभा मतदारसंघांत दर तिमाहीला किती नमुना ८ आले, किती नामंजूर झाले, कोणत्या कारणाने, त्यांत बायका किती, हे जाहीर करा. संपादकांनी तो तक्ता छापावा.

पट्टीसाठीचा वीस सेकंदांचा मजकूर, व्हॉइस मेसेजची संहिता आणि डब्यात लावायच्या कागदाचा मसुदा आम्ही मराठी, हिंदी आणि उर्दूत तयार करून देऊ. त्यावर आमचं नाव नको. पुढच्या अर्हता तारखेच्या निदान दीड महिना आधी तो लागलेला दिसावा.

आपल्या,
मुंबईत मतदार नोंदणीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्या